पोपड्याची पाठ वाचा : पुन्हापुन्हा सुटणारा रंग आणि योग्य रंगाची निवड

तक्रार नेहमी एकाच चालीची असते. मागच्याच वर्षी रंग दिला, चांगला भारीतला दिला, आणि आता त्याच जागी पुन्हा फुगा आलाय. मग रंगाऱ्याला बोल, दुकानदाराला बोल, आणि पुढच्या खेपेला कंपनी बदलून पुन्हा तोच खेळ. माझ्याकडे अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी एकच गोष्ट मागतो: सुटलेला एक पोपडा. फोटो नको, पोपडाच. तो हातात आला की आधी उलटा करतो.

पुढच्या बाजूला तुम्ही हौसेने निवडलेली शेड असते. तपासाच्या कामी तिचा काही उपयोग नाही. रंग कोणत्या थरापासून सुटला हे पाठीवर दिसतं, आणि तेवढं कळलं की रंग चुकला, भिंत चुकली की पाणी आड आलं याचा निकाल बहुतेक वेळा तिथेच लागतो. कोणता रंग घ्यायचा हा प्रश्न त्यानंतरचा. लोक तो आधी सोडवायला बसतात आणि फसतात.

पाठीवर काय दिसतं

पाठीवर पांढरी भुकटी असेल आणि बोटाला ती पिठासारखी लागत असेल, तर खाली जुना चुना किंवा जुनं डिस्टेंपर आहे. हा प्रकार इतका नेहमीचा आहे की पोपडा बघायच्या आधीच मी पैज लावायला तयार असतो. होतं असं, की इमल्शन, म्हणजे पाण्यातला रंग, सुकताना त्यातलं पाणी उडून जातं आणि थर आक्रसतो. आक्रसताना तो खालच्या थराला ओढतो. खालचा थर घट्ट असेल तर ही ओढ सहन करतो. भुकटीचा असेल तर भुकटीसकट भिंतीवरून उचलला जातो. वरचा रंग जितका चिवट, तितका तो तुटून न पडता अखंड चादरीसारखा सोलून येतो. पंधरा वर्षं चुना निमूट बसला होता आणि त्यावर भारी इमल्शन चढवल्यावर सहा महिन्यांत सगळं हातात आलं, यात इमल्शन खोटं निघालेलं नसतं. पाया भुसभुशीत होता.

इथे कंपनी बदलून काही होत नाही. चुना खरवडूनच काढावा लागतो. आधी भिंत ओली करायची, म्हणजे तो सहज निघतो आणि धूळही उडत नाही. मग धुऊन पूर्ण वाळू द्यायची. तळहात फिरवून बघायचा. हात पांढरा होत असेल तर काम संपलेलं नाही. थोडी भुकटी कितीही खरवडली तरी उरतेच, तिच्यासाठी भिंतीत मुरणारा, भुकटी बांधून ठेवणारा प्रायमर लागतो. नेहमीचा दाट पांढरा प्रायमर तिच्यावर नुसता बसून राहतो आणि पुढे तिच्यासोबतच निघतो.

पाठ गुळगुळीत, स्वच्छ असेल आणि भिंतीवर मागे जुना चकचकीत थर दिसत असेल, तर खाली ऑइलपेंट आहे. जुन्या घरांत भिंतीच्या खालच्या भागाला ऑइलपेंट आणि वर दुसरं काही अशी पद्धत दिसते. नव्याने रंगवताना सगळ्यावर सरसकट इमल्शन फिरवलं जातं आणि बरोबर कमरेच्या उंचीपर्यंतचाच रंग नखाने निघायला लागतो. खाली नक्की काय आहे याची शंका असेल तर चिंधी स्पिरिटमध्ये भिजवून जुन्या रंगावर एक मिनिट घासा. रंग मऊ पडून चिंधीला लागला तर तो इमल्शन. ढिम्म हलला नाही तर ऑइलपेंट. ऑइलपेंटवर इमल्शन बसतं, पण त्याची चकाकी पॉलिश पेपरने पूर्ण मारली, तेलकटपणा धुतला आणि पकड देणारा प्रायमर लावला तरच. उलट्या क्रमाला, म्हणजे चांगल्या बसलेल्या इमल्शनवर ऑइलपेंट द्यायला, एवढी कटकट नसते.

पाठीला वाळू, सिमेंटचे कण चिकटून आले, तर रंगाने गिलावा सोडलेला नाही, गिलाव्यानेच भिंत सोडायला सुरुवात केली आहे. आजूबाजूला बोटाच्या पेराने ठोकून पाहा. भरीव भिंत टणक वाजते, सुटलेला गिलावा पोकळ वाजतो. पोकळ वाजेल तेवढा भाग गवंड्याचा, रंगाऱ्याचा नाही.

पाठीवर पुट्टी असेल तर भिंतीकडेही बघा. भिंतीवर अजिबात पुट्टी उरली नसेल तर ती धुळीवर किंवा चुन्यावर ओढली होती. पोपड्यावर थोडी आणि भिंतीवर थोडी असेल, तर पुट्टी मधूनच फाटली आहे. म्हणजे थर जाड झाला होता किंवा ती पाण्याने मऊ पडली. अॅक्रिलिक पुट्टी आतल्या कोरड्या भिंतीसाठी असते. प्लास्टर ऑफ पॅरिस आणि जिप्समही तसंच, पाणी लागत राहिलं की त्यांचा लगदा होतो. बाहेरच्या भिंतीला किंवा न्हाणीघराला पांढऱ्या सिमेंटची पुट्टीच लावावी, तीही पातळ. खड्डा बुजवायचा असेल तर तो गिलाव्याने बुजवावा. पुट्टीने दीड-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त भरायला जाणं म्हणजे पुढच्या पोपड्याची सोय.

शेवटचा प्रकार: पाठ दमट आहे, किंवा तिच्यावर मिठासारखे बारीक खडे आहेत. मग रंगाचा डबा बाजूला ठेवा.

ओल : जिच्यावर कुठलाच रंग चालत नाही

आमच्या घरात न्हाणीघराच्या मागची भिंत मी तीनदा रंगवून घेतली आहे, त्यामुळे हा भाग जरा लांबणार.

पहिल्यांदा साधं इमल्शन दिलं, ते चार महिने टिकलं. दुसऱ्यांदा ओल रोखणारा म्हणून विकला जाणारा एक घट्ट लेप लावला. तो लावल्यावर त्या जागी खरंच काही आलं नाही, मी खूश. पावसाळा संपता संपता त्याच भिंतीवर दोन फूट वर नवा फुगा उगवला. ओल कुठे गेली नव्हती. खालचं दार बंद केल्यावर ती वरच्या खिडकीने बाहेर आली होती. तिसऱ्यांदा जुनं काढून पुट्टीपासून सगळं नवं केलं, तेही गेलं. चौथ्यांदा रंगाऱ्याला बोलावलं तेव्हा त्याने भिंतीला हात लावला आणि म्हणाला, "दादा, मला काय, मी अजून चारदा रंगवून देतो. पण ही भिंत अजून ओली आहे." हे वाक्य पहिल्या खेपेला कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं, पण ऐकण्याच्या मनःस्थितीत मी तेव्हा असतो असंही नाही.

शोध असा लागला. आधी रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवला. सकाळी आकडा तोच. म्हणजे भरलेली पाइपलाइन गळत नव्हती. मग संशय सांडपाण्यावर. न्हाणीघरातल्या जाळीच्या भोकात कापडाचा बोळा घट्ट कोंबला आणि फरशीवर दोन बोटं पाणी रात्रभर साठवून ठेवलं. सकाळी पाणी निम्म्यावर आलं होतं आणि भिंतीच्या पलीकडच्या बाजूचा डाग तळहाताएवढा गडद झाला होता. जाळीच्या कडेचा सांधा फुटला होता. दुरुस्ती एका दिवसाची. त्याआधी मी तीन वेळा पूर्ण भिंत रंगवली होती.

प्रत्येक ओल गळतीचीच असते असंही नाही, आणि तिचा आकार बरंच सांगून जातो. जमिनीपासून वर सरळ पट्ट्यासारखी चढलेली, साधारण एक मीटरच्या आसपास थांबलेली आणि वरच्या कडेला पांढरी किनार असलेली ओल ही जमिनीतून भिंत शोषून घेते ती. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरका उतरलेला डाग खिडकीच्या सांध्याचा. छताला गोल, पिवळसर किनारीचा डाग असेल तर वर कुठेतरी पाणी साठतंय. आणि बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या कपाटामागे, खोलीच्या वरच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसत असतील, तर बहुतेक वेळा तिथे पाणी बाहेरून येतच नाही. खोलीतली वाफ थंड भिंतीवर निवते. भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला तेवढं पुरतं, पाण्याचे थेंब दिसायचीही गरज नसते.

पाणी आतून येतंय की हवेतून, हे ओळखायचा साधा उपाय: अर्धा मीटर चौरस पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टी लावून बंद करा आणि दिवसभर तसाच ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या अंगाला दव जमलं किंवा खालची भिंत गडद झाली तर ओल भिंतीतली. प्लास्टिकच्या बाहेरच्या, खोलीकडच्या अंगाला दव आलं तर ती हवेतली. तिला खिडकी उघडणं, हवा बाहेर फेकणारा पंखा आणि कपाट चार बोटं पुढे ओढणं हे इलाज.

भिंतीतून आलेली पांढरी किनार म्हणजे लोणा. विटा, सिमेंट आणि वाळू यांतले क्षार पाण्यात विरघळतात, पाणी पृष्ठभागापर्यंत येऊन उडून जातं आणि क्षार मागे उरतात. रंगाच्या मागे ते खडे धरून वाढतात आणि रंगाला आतून ढकलतात. लोणा धुवू नका, हे मी मुद्दाम सांगतो, कारण पहिला हात पाण्याच्या बादलीकडेच जातो. धुतलं की क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात आणि आठवड्याने परत येतात. कोरड्या ताठ ब्रशने झाडायचा, खाली कागद पसरून गोळा करायचा आणि घराबाहेर टाकायचा. असं दोनतीनदा करावं लागतं.

पाण्याची वाट बंद झाली म्हणजे भिंत लगेच कोरडी झाली असं होत नाही. विटांच्या भिंतीला एक इंच जाडीमागे साधारण महिना, हा जुना अंदाज मला तरी खरा ठरलेला दिसला. आम्ही ती भिंत पाच महिने उघडी ठेवली. येणारा प्रत्येक जण विचारायचा, काम अर्धवट का सोडलं? सहाव्या महिन्यात प्लास्टिकचा तुकडा कोरडा निघाला. मग प्रायमर आणि साधं मॅट इमल्शन दिलं. तिथे मी मुद्दाम घट्ट, चकचकीत रंग टाळला. भिंतीत थोडी ओल उरली असेल तर तिला वाफ होऊन बाहेर पडायला जागा हवी, आणि मॅट रंगातून ती तुलनेने सहज पडते.

नवा गिलावा

ओल नाही, चुना नाही, घर नवं कोरं आहे, तरी वर्षाच्या आत रंगावर फिकट पांढुरके चट्टे आले किंवा ऑइलपेंट चिकट पडला, तर गिलाव्याची घाई झाली असते. ताज्या सिमेंटचा सामू (pH) १२ ते १३ असतो, म्हणजे ते चांगलंच अल्कधर्मी असतं. ऑइलपेंटमधल्या तेलकट रेझिनची त्या अल्कलीशी गाठ पडली की त्याचा चक्क साबण होतो. साबणच तो, उपमा नाही, रसायनशास्त्र तेच. स्वस्त इमल्शनमधला व्हिनाइल अॅसिटेट जातीचा बाइंडरही, म्हणजे रंगाला धरून ठेवणारा घटक, त्याने हळूहळू फुटतो आणि गडद शेड जळाल्यासारखी दिसते.

गिलाव्याला पाणी मारून झाल्यावर किमान चार आठवडे मोकळी हवा द्यावी, दमट दिवसांत त्याहून जास्त. घाई असेलच तर भिंतीचा एक ठिपका शुद्ध पाण्याने ओला करून त्यावर सामू दाखवणारा कागद दाबा. १० च्या वर रंग दाखवत असेल तर थांबा, किंवा अल्कली सोसणारा प्रायमर निवडा. सिमेंटवर थेट ऑइलपेंट मात्र थांबूनही देऊ नये.

आता रंग निवडायचा

रंगाच्या डब्यात मुळात चारच गोष्टी असतात: रंगद्रव्य, त्याला धरून ठेवणारा बाइंडर, पातळ करणारा द्रव आणि थोडी औषधं. रंगांच्या प्रतींमधला फरक बहुतांशी बाइंडर किती आणि कोणता यावर ठरतो. डिस्टेंपरमध्ये खडूची भुकटी भरपूर आणि बाइंडर बेताचा, म्हणून ते स्वस्त पडतं, भिंतीला श्वास घेऊ देतं, पण घासून पुसलं की हाताला येतं. चांगल्या इमल्शनमध्ये बाइंडर पुरेसा असतो, म्हणून डाग पुसता येतो.

आतल्या भिंतींसाठी माझा हिशोब सोपा आहे. छताला कुणी हात लावत नाही, तिथे साधा मॅट. खडबडीत, पुट्टी नीट न झालेल्या भिंतीलाही मॅटच, कारण चकाकी असलेला रंग तिरप्या उजेडात प्रत्येक उंचवटा दाखवतो. लहान मुलं, जिना, दिव्यांच्या बटणांभोवतीची जागा इथे हलकी चकाकी असलेलं धुता येणारं इमल्शन. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर इथे तेच, पण बुरशीरोधक असलेलं आणि आतल्या वापरासाठीच म्हणून लिहिलेलं. बाहेरचा रंग जास्त टिकाऊ म्हणून आत वापरायची कल्पना अनेकांना सुचते. ती सोडून द्या. बाहेरच्या रंगात बुरशी-शेवाळ मारणारी औषधं जास्त असतात आणि ती मोकळ्या हवेसाठी घातलेली असतात, झोपायच्या खोलीसाठी नाही.

काळी बुरशी आधी आलेली असेल तर तिच्यावर रंग देऊ नका, ती त्यातून वर येते. डाग धुळीचा की बुरशीचा हे कळायला त्यावर घरगुती ब्लीचचा एक थेंब टाकून पाहा: फिका पडला तर बुरशी, तसाच राहिला तर मळ. एक भाग ब्लीचला तीन भाग पाणी घेऊन लावा, पंधरावीस मिनिटांनी धुवा, वाळवा, मगच पुढचं काम. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि ब्लीचमध्ये संडास साफ करायचं आम्ल किंवा अमोनियाचा क्लीनर कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

दारं-खिडक्यांना पांढरा ऑइलपेंट देणार असाल तर एक माहीत असू द्या: उजेड न येणाऱ्या जागी तो पिवळा पडतो. कपाटाच्या आतली बाजू, चित्राच्या चौकटीमागची जागा सगळ्यात आधी. डबा भेसळीचा नव्हता, ऑइलपेंटमधल्या अल्किड रेझिनचा तो स्वभाव आहे. तिथे पाण्यातलं अॅक्रिलिक इनॅमल घेतलं की प्रश्न मिटतो.

बाहेरच्या भिंतीचं गणित वेगळं आहे. तिथे रंगाला ऊन, पाऊस आणि भिंतीचं रोजचं प्रसरण-आकुंचन असा तिहेरी मार असतो. आतल्या रंगाचा बाइंडर यासाठी बनवलेला नसतो. उन्हाने तो तुटतो, रंगद्रव्य मोकळं होतं आणि हात फिरवला की खडूसारखी पूड येते. अशी पूड थोडीफार प्रत्येक बाहेरच्या रंगाला काही वर्षांनी येतेच. पहिल्या वर्षात आली तर आतला किंवा हलक्या प्रतीचा रंग वापरला गेलाय किंवा त्यात पाणी भरमसाठ घातलंय. बाहेर शुद्ध अॅक्रिलिक बाइंडरचा रंग घ्यावा, इथे काटकसर नको.

शेड निवडतानाही बाहेर सांभाळून. लाल माती, गेरू, तपकिरी, करडा हे रंग बहुतेक करून लोहाच्या ऑक्साइडचे असतात आणि उन्हात वर्षानुवर्षं टिकतात. झगमगीत लाल, केशरी, पिवळे बहुधा सेंद्रिय रंगद्रव्यांचे, त्यांतले बरेच लवकर विटतात. तुम्हाला भडक पिवळाच हवा असेल तर तो सावलीतल्या भिंतीवर घ्या. दुपारभर ऊन झेलणाऱ्या भिंतीवर गडद शेड दिली की ती भिंत जास्त तापते आणि भेगाही आधी तिथेच दिसतात.

केसासारख्या बारीक भेगांसाठी रबरासारखा ताणला जाणारा जाड रंग मिळतो. तो भेगेवर पूल बांधतो हे खरं, पण एक अट आहे: पाणी वरून आत शिरत नसावं. गच्चीच्या कठड्याचा माथा फुटलेला असेल तर पाणी तिथून उतरतं, या रंगाच्या मागे अडकतं आणि भिंतीवर पाण्याने भरलेले फुगे लोंबायला लागतात. एकदा मी असा फुगा खिळ्याने टोचला, कोपरापर्यंत भिजलो. कठड्याचा माथा, छज्जाची वरची बाजू या आडव्या जागा भिंतीच्या रंगाच्या आवाक्यातल्या नाहीत. त्यांना आधी उतार आणि पाणी अडवणारा वेगळा लेप लागतो. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच आहे का तेही बघा. ती पुट्टीने बुजवलेली असली की पाणी कडेवरून वळून छज्जाच्या पोटाशी येतं आणि तिथला रंग दर वर्षी जातो.

सिमेंट पेंट अजूनही चांगला पर्याय आहे, पण फक्त उघड्या सिमेंटच्या गिलाव्यावर किंवा आधीच्या सिमेंट पेंटवरच. तो सिमेंटच असतो: लावायच्या आधी भिंत ओली हवी, लावल्यावर पाणी मारावं लागतं आणि कालवलेला माल काही तासांत संपवावा लागतो. जुन्या इमल्शनवर तो कधीच धरत नाही.

डबा बरोबर, भिंत बरोबर, तरी गेला

मग हात चुकला. सगळ्यात मोठा गुन्हेगार पाणी, या वेळी बादलीतलं. एक लिटर रंग दहा चौरस मीटरवर फिरवला तर ओला थर ०.१ मिलिमीटर भरतो, म्हणजे लिहायच्या साध्या कागदाएवढा. रंगातला सुकून उरणारा भाग ३५ टक्के धरला तर सुकल्यावर उरतो ०.०३५. आता त्याच लिटरमध्ये अर्धा लिटर पाणी घाला आणि तेवढ्याच जाडीने फिरवा: उरतो ०.०२३. रंग जास्त जागा झाकतो, दिसतोही ठीक, आणि एक तृतीयांश संरक्षण बादलीतच राहिलं. डब्यावर किती पाणी घालायचं ते छापलेलं असतं. मापाचं भांडं वापरून तेवढंच घाला, अंदाजाने नको.

हवामानाचं थोडक्यात. थंडीत भिंत १० अंशांच्या खाली असेल तर इमल्शनचे कण एकमेकांत नीट विरघळून पापुद्रा धरत नाहीत आणि रंग भुकटीसारखा सुकतो. तापलेल्या भिंतीवर उलट होतं: वर साय धरते, आत पाणी अडकतं, बारीक फुगे येतात. भिंतीवर हात टेकवून ठेवता येत नसेल तर सावली येईपर्यंत थांबा. बाहेर संध्याकाळी उशिरा रंगवू नका, दव पडलं की सकाळी ओघळांचे चिकट डाग दिसतात. ते घाबरण्यासारखे नाहीत, रंगातले साबणासारखे घटक वर आलेले असतात, साध्या पाण्याने जातात. आणि नवी भिंत तीनचार आठवडे ओल्या फडक्याने पुसू नका. हाताला कोरडा लागला म्हणजे रंग पक्का झाला असं नाही.

लोखंडावर गंज घासून मगच गंजरोधक प्रायमर. जस्त चढवलेल्या पत्र्यावर थेट ऑइलपेंट दिला की जस्ताशी त्याचा पुन्हा तोच साबण होतो आणि रंग पत्र्यासारखाच निघतो. त्याला जस्तासाठीचा प्रायमर वेगळा असतो. लाकडाच्या गाठीतून तपकिरी डाग वर येत असेल तर गाठीवर लाखेचा हात द्या, नुसते रंगाचे हात वाढवून तो दबत नाही.

खूप जुन्या घरात खरवडायला बसण्याआधी एक सावधगिरी. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. आजच्या कडक नियमांत त्याची मर्यादा दशलक्षात ९० भाग आहे, जुन्या रंगात ते कितीतरी पट असायचं. अशा रंगाला कोरडा पॉलिश पेपर लावू नका, ब्लोलॅम्पने जाळूही नका. ओला करून खरवडा, चांगला मास्क लावा, लहान मुलं आणि गरोदर बाई त्या दिवशी घरात नकोत.

पूर्ण माल आणण्याआधी मी आता एक मीटर चौरसाचा तुकडा रंगवून बघतो: भिंतीची तयारी, प्रायमर, दोन हात, सगळं खऱ्यासारखं, आणि तेही जिथे आधी रंग सुटला होता त्याच जागी. आठवडाभर थांबतो. मग ब्लेडने त्यावर फुलीसारखे दोन छेद देतो, चिकटपट्टी दाबून बसवतो आणि झटक्यात ओढतो. पट्टी कोरी आली तर बाकीचा माल आणतो. रंग घेऊन आली, तर पट्टी उलटी करून बघतो.